इतर सूचना

"ही बाई मेली का?" आमच्या हिने विचारलं.

खोलीत आठ खुर्च्या, आठ पडदे आणि आठ खेळणारे होते. सात जणांच्या कानांवर हेडफोन घट्ट बसलेले, त्यामुळे त्यांना काही ऐकू गेलं नाही. पण गळ्यात हेडफोन अडकवून भिंतीशी उभ्या असलेल्या मुलीने ऐकलं. हा भीतीचा गेम तिने आणि तिच्या तीन मित्रांनी दोन वर्षं खपून केला होता. बाजारात आणण्याआधी तो अनोळखी लोकांकडून खेळवून घ्यावा म्हणून त्या रविवारी सकाळी आम्हाला बोलावलं होतं. आम्हाला म्हणजे हिला, माझ्या बायकोला. मी शिंपी माणूस. गेममधलं मला दार आणि जिना एवढंच ओळखता येतं, आणि त्या दिवशी मी फक्त पिशवी सांभाळायला गेलो होतो.

हेडफोनवाली वाकून म्हणाली, "कोण बाई, काकू?"

"ह्या पोरीची आई. आत्ता घराबाहेर पडली ती."

मुलीचा चेहरा उतरला. घरात एकटी राहिलेली लहान मुलगी आणि कामावर गेलेली आई, अशी त्या गेमची गोष्ट होती. आई वाटेतच मेली, हे खेळणाऱ्याला शेवटी, म्हणजे चार तासांनी कळायचं होतं. हिने ते पहिल्या मिनिटात ओळखलं होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तीच म्हणाली की. दारात उभी राहून म्हणाली, 'मी जाते.' घरातून निघताना कुठली आई जाते म्हणते?"

हेडफोनवाली कसनुसं हसली. शेवटी फॉर्म मिळेल, त्यात लिहा म्हणाली आणि घाईघाईने तिसऱ्या खुर्चीकडे गेली.

तिसऱ्या खुर्चीवर कोण होता ते सांगायला हवं. त्याला मी मनातल्या मनात बंदूकबहाद्दर असं नाव ठेवलं होतं. बंदुकीच्या गेममध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं म्हणतात. तो खेळतो आणि दोन लाख लोक आपापली कामं सोडून ते फोनवर बघतात. सगळ्यांना फॉर्म होता, त्याला नव्हता. त्याला चहा होता, आणि तो काय बोलतो ते टिपून घ्यायला वही घेऊन दोघे बसले होते. गेम फार सावकाश आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. पोरीच्या हातात पहिल्या दहा मिनिटांत पिस्तूल द्या, नाहीतर लोक कंटाळून बंद करतील. वहीत ते दोनदा अधोरेखित झालं.

आमच्या हिला गेमचा नाद बावन्नाव्या वर्षी कसा लागला, असं लोक मला विचारतात. भाची शिकायला आमच्याकडे राहिली होती. जाताना तिने तिचं गेम खेळायचं यंत्र आमच्या टीव्हीखाली सोडलं. एका सुट्टीच्या दिवशी धूळ पुसताना हिने सहज चालू केलं तर पडद्यावर इस्पितळाचा बोळ आला, आणि त्यात खाटा चुकीच्या बाजूने लावलेल्या. ही ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. आणखी काय काय चुकवून ठेवलंय ते बघू, म्हणून ही बसली ती तीन दिवस उठली नाही. जेवण मी केलं आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून आमची रीत ठरली. ही साडेचारला ड्यूटीवरून येते, पाय धुते आणि तासभर खेळते. मी शेजारी बसून काजं करतो आणि नकाशावर लक्ष ठेवतो. खेळताना हिची मतं चालू असतात. राक्षस एकदा उजेडात नीट दिसला की संपला, असं तिचं ठाम मत आहे. नीट दिसला की त्याचं ड्रेसिंग करता येतं म्हणते. गेममध्ये मधूनच एक सुरक्षित खोली लागते, दिवा असतो, हळू संगीत असतं, तिथे आलं की कोणी मारत नाही. ती खोली जो ठेवत नाही त्याने आयुष्यात कधी रात्रपाळी केलेली नाही, असं ती छातीठोक सांगते. खिशात तीन गोळ्या असल्या की माणूस विचार करतो, तीनशे असल्या की नुसतं बोट चालतं. म्हणून बंदुकीच्या गेमना ती नावं ठेवते असं मात्र कोणी समजू नये. तेही खेळते, आणि बरं खेळते. त्याला ती धुणं बडवणं म्हणते. हात कामात आणि डोकं मोकळं. ज्या दिवशी मोठ्या डॉक्टरांची पाळी असेल त्या दिवशी धुणं जरा जास्त असतं.

मोठ्या डॉक्टरांचं असं झालं होतं. ही लागून पाचच वर्षं झाली होती. शस्त्रक्रिया चालू असताना त्यांनी मोठा चिमटा मागितला. हिला दिसत होतं की तो बसणार नाही. ती हळूच म्हणाली, "सर, लहान घेता का?" ते मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला विचारलंय का?" हिने मोठा दिला. तो बसला नाही. मग त्यांनी लहान मागितला आणि तो मागायच्या आत त्यांच्या तळहातावर होता. त्यानंतर चोवीस वर्षं ही तोंडाने एक शब्द बोलली नाही. जे लागणार ते मागितलेल्याच्या खाली तयार ठेवते, बस. घरी येऊन हे मला फक्त एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. पण तिला ते किती लागलंय हे मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी तिने मेथीची पानं टाकून काड्या ठेवल्या होत्या.

गेम खेळणारे आपली मतं लिहितात अशी एक जागा फोनवर आहे. तिथे ही 'थिएटर सिस्टर' या नावाने लिहायला लागली. बरेच दिवस लोकांना ही सिनेमाची तिकिटं फाडते असं वाटत होतं. पण लिहिलेलं वाचलं जायचं, आणि तेच वाचून ह्या पोरांनी बोलावलं होतं. बोलावणं आलं तेव्हा तिने मला फोन दाखवला आणि म्हणाली, "बघा, विचारलंय." एवढंच म्हणाली. मी तिचा चांगला गणवेश इस्त्री करून ठेवला. गणवेशाचं तिथे काही काम नाही हे आम्हाला दोघांनाही सुचलं नाही.

तर शेवटी फॉर्म आला. गेम किती आवडला, एक ते पाच. चित्रं कशी वाटली, एक ते पाच. अगदी तळाशी 'इतर सूचना' आणि त्यापुढे दोन ओळींची जागा. हिने त्या दोन ओळींकडे बघितलं आणि माझ्याकडे कागद मागितला. माझ्या पिशवीत खाकी कागदाचा नमुना होता, एका शर्टाच्या बाहीचा. ही त्या बाहीवर लिहायला बसली. एक बाजू भरली, मग दुसरी भरली. लोक निघून गेले, कोणीतरी पंखे बंद केले, तरी ही लिहीत होती. शेवटी माझ्या कॉलरमधली टाचणी काढून तिने बाही फॉर्मला टोचली आणि हेडफोनवालीच्या हातात दिली.

दहा दिवसांनी सगळ्यांना एकच निरोप आला. आपल्या बहुमोल सूचनांबद्दल आभार. खेळाडूंच्या मागणीनुसार स्वयंपाकघराच्या खणात पिस्तूल उपलब्ध केले आहे. हिने तो चपला काढता काढता वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. त्या दिवशी टीव्ही लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धुणंही बडवलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो.

पाचव्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी दहाला बघतो तर ही केस विंचरून, घड्याळ लावून तयार.

"अहो, चला."

कुठे ते विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "अगं, जाऊ दे ना. त्यांचा गेम, ते बघतील."

"चोवीस वर्षं जाऊच देतेय," ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.

त्यांचं कार्यालय म्हणजे वह्यापुस्तकांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्हाला दारात बघून पोरं गडबडली. हेडफोनवालीने खुर्ची पुसून दिली. टेबलावर कागदांचा ढीग होता आणि त्यात मला माझी बाही दिसली. तिच्यावर दोन कपांचे गोल उमटले होते. टाचणी होती तिथेच होती, म्हणजे पान कोणी उलटलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाच मिनिटं बोलते," ती म्हणाली. "नाही पटलं तर मी घरी जाईन."

मुलगी भली होती, तिने काही लपवलं नाही. बंदूकबहाद्दर हा गेम खेळला तर दोन लाख लोक बघतील, म्हणून त्याचं ऐकलं, हे तिने सरळ कबूल केलं. आणि 'जाते'चं म्हणाल तर ते मुद्दामच सोपं ठेवलंय म्हणाली. 'येते' म्हटलं तर खेळणाऱ्याला वाटेल आई घरात येतेय. गोंधळ होईल.

"तुझी आई काय म्हणते गं, निघताना?"

मुलीने आठवून बघितलं. तिचे ओठ हलले. मग ती हळूच म्हणाली, "येते म्हणते." आणि जरा थांबून म्हणाली की ही गोष्ट त्यांनी आधी इंग्रजीत लिहिली होती आणि मग एकाने बसून मराठी केली. ज्याने केली तो कोपऱ्यात बसला होता. तो आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"मग गोंधळ होऊ दे की," ही म्हणाली. "जाते म्हणाली की मला कळलं, ही काही परत येत नाही. संपलं. मी कशाला घाबरू? पण सकाळी दारातून म्हणाली, येते. आणि दुपारी स्वयंपाकघराच्या बंद दारामागून तोच आवाज, तेच वाक्य. येते. आता ती निघालीय की येतेय? तुमचं पिस्तूल कोणावर झाडू मी, आईवर?"

 हेडफोनवाली हळूच गळ्यातल्या हेडफोनशी चाळा करत होती. मग कोपऱ्यातला म्हणाला की मुद्दा बरोबर आहे, पण आवाज देणारी बाई आता गावाला गेली, तिच्याकडून पुन्हा करून घ्यायला वेळ नाही. मी बोलून गेलो, "ही म्हणेल की." हिने माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागलो. पण नाही म्हणाली नाही.

आवाज घ्यायची त्यांची जागा म्हणजे आतून जाड पांघरुणं लावलेलं एक कपाट होतं. ही त्यात उभी राहिली. कोपऱ्यातल्याने बाहेरून सांगितलं, काकू, जरा भीतीदायक म्हणा. कपाटातून उत्तर आलं की आई कशाला भीती दाखवेल, तिला उशीर झालाय. आणि मग ती म्हणाली, रोज साडेसहाला म्हणते तशीच, अर्धं लक्ष चपलेत आणि अर्धं घड्याळात.

"येते गं. दार लावून घे."

एकदाच म्हणाली. पुन्हा म्हणायला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा आठ खुर्च्या मांडल्या होत्या. या वेळी ही खेळणार नव्हती. आम्ही दोघं मागे भिंतीशी बाकावर बसलो. हिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट होते आणि नखं पांढरी पडली होती. थिएटरमध्ये हे हात कधी थरथरत नाहीत अशी तिची ख्याती आहे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

तो भाग कसा होता ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पोर घरात एकटी आहे. समोरचं बाहेरचं दार उघडं आहे. स्वयंपाकघराच्या बंद दारामागून आईचं सकाळचंच वाक्य ऐकू आलं की पोरीने त्या उघड्या दारातून बाहेर पळायचं, म्हणजे गेमचा पुढचा भाग सुरू होतो. पळायला लागावं म्हणूनच पोरांनी ते दार उघडं ठेवलं होतं. खणात पिस्तूल होतंच. बंदूकबहाद्दराने ते पहिल्याच फेरीत शोधलं आणि हातात धरलं.

सगळ्यांत आधी तोच स्वयंपाकघराशी पोचला. त्याच्या पडद्यावरून मी नजर हलवली नाही. पिस्तूल दारावर रोखलेलं. हेडफोन असल्यामुळे आवाज आम्हाला ऐकू आला नाही, पण त्याच्या खांद्यांवरून कळलं की आला. तो थबकला. मग वळला आणि पोरीला घेऊन समोरच्या उघड्या दाराकडे धावत सुटला.

हेडफोनवालीने सुटकेचा श्वास सोडला. गेला बाहेर, असं ती पुटपुटली.

पण तो गेला नाही. उंबऱ्याशी आला आणि त्याने दार ओढून घेतलं. आतून कडी लावली.

"अरे, हा काय करतोय?" हेडफोनवाली म्हणाली. तोवर पाचव्या खुर्चीवरची बाई दारापाशी आली होती. तिनेही कडी लावली. मग पहिल्या खुर्चीवरच्याने लावली. आठव्याने लावली. एकेक पडद्यावर तेच दार, तीच कडी. कोणी बाहेर पळेना. हेडफोनवालीने कपाळाला हात लावला आणि हिच्याकडे वळून बघितलं.  दोन वर्षांचा गेम हिच्या एका वाक्याने बंद पाडला, असंच मला वाटलं. ही जागची हलली नाही. तिचं लक्ष तिसऱ्या खुर्चीवर होतं.

बंदूकबहाद्दराने कडी लावली होती आणि पोर दाराकडे तोंड करून उभी होती. तो वळायला तयार नव्हता. कंट्रोलरवरचा त्याचा अंगठा हवेत होता. मग त्याने हेडफोन काढले, फार सावकाश. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"कडी मी लावली," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्यालाही माहीत नसावं. "आई म्हणाली दार लावून घे, मी लावून घेतलं. आणि ती तर आत आहे."

पाचव्या खुर्चीवरच्या बाईने ते ऐकलं आणि कंट्रोलर मांडीवरून खाली ठेवून दिला. एक जण हसायला लागला, पण ते घाबरल्यावरचं हसणं होतं. आठही जणांनी, एकमेकांना न विचारता, आपल्या हाताने स्वतःला त्या आवाजाबरोबर कोंडून घेतलं होतं. त्यांना तसं करायला लावणारी एक ओळही पोरांनी गेममध्ये लिहिलेली नव्हती. ती लहानपणीच सगळ्यांच्या अंगात कोणीतरी घालून ठेवली होती.

हेडफोनवालीने विचारलं, "मग पिस्तूल?"

बंदूकबहाद्दराने पडद्याकडे बघितलं. ते पोरीच्या हातात होतं, सहाच्या सहा गोळ्या भरलेलं.

"आठवलंच नाही," तो म्हणाला. "काढून टाका ते." मग खुर्ची फिरवून मागे बघत म्हणाला, "हा आवाज कोणाचा आहे?"

पोरांच्या नजरा आमच्या बाकाकडे वळल्या आणि त्याला कळलं. दोन लाख लोक ज्याला बघतात तो माणूस उठून उभा राहिला. माझी छाती अशी भरून आली की मी खोकल्याचं निमित्त केलं. लाजायचं काही कारण नव्हतं, पण डोळे पुसायला मला माझ्याच पिशवीतलं अस्तराचं कापड घ्यावं लागलं.

हेडफोनवाली आली आणि आमच्या बाकासमोर जमिनीवरच मांडी घालून बसली. फॉर्मचा गठ्ठा तिने बाजूला सरकवला. कोपऱ्यातला वही घेऊन तिच्या शेजारी टेकला. मग पाचव्या खुर्चीवरची बाई आली आणि शेवटी बंदूकबहाद्दरही आला, आणि जागा उरली नाही म्हणून दाराला टेकून उभा राहिला.

"सिस्टर," मुलगी म्हणाली, "दार बंद राहिलं तर पुढचा सगळा भाग बदलावा लागेल. तुम्हाला काय वाटतं, पुढे काय व्हायला पाहिजे?"

हिने मांडीवरचे हात सोडवले, चष्मा काढून पुसला, परत घातला. सगळे थांबले होते. ती जराशी सरसावून बसली आणि आवाज न चढवता, थिएटरमध्ये नवीन सिस्टरना शिकवते त्या सुरात, पहिल्या खोलीपासून सांगायला लागली.

"हळू सांगा," कोपऱ्यातला म्हणाला. "लिहून घेतोय."